बिरसीतल्या दोन शाळा

बिरसी, नोव्हेंबर

प्रिय सखी,

तुझा प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही आधी सरळ देते. अर्ज भर, लेकीला परीक्षेलाही बसव. पण नंबर लागला तर त्या सिलेक्टिव्ह शाळेत पाठवायचं की नाही, हे शाळेच्या नावावरून ठरवू नकोस. वर्गात शेवटून पाचव्या आलेल्या मुलीशी ती शाळा कशी वागते, ते आधी बघून ये आणि मग ठरव.

सिडनीच्या शाळेबद्दल तू बिरसीत बसलेल्या बाईला विचारलंस, हे तुझ्या नवऱ्याला चमत्कारिक वाटलं असेल. पण विचारलंस ते बरं केलंस. दिवाळीपासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही.

इकडची खबर थोडक्यात देते. हलका धान घरी आला, भारी अजून बांधीत उभा आहे. मंडया सुरू झाल्यात, रात्री दंडारीचा आवाज कामठ्याकडून वाऱ्यावर येतो. तू सिडनीला गेलीस तेव्हा गावात इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आणि तिच्यावर शिकाऊ पायलटांची छोटी विमानं, एवढंच होतं. २०२२ च्या मार्चपासून प्रवासी विमानंही उतरू लागली. ज्यांच्या जमिनी आणि घरं विमानतळात गेली, त्यांचं रडगाणं मात्र अजून संपलेलं नाही. त्यावर लिहायला बसले तर तुझ्या लेकीचा विषय राहून जाईल.

आता मूळ गोष्ट. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत होता. पहिलीपासून पहिला. त्याच्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर थांबून थांबून त्याची नवोदयची तयारी करून घेतली आणि पोराचं नाव यादीत आलं. जिल्ह्याचं नवोदय नवेगावबांधला आहे, आपल्यापासून पार दुसऱ्या टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. मारुती चितमपल्ली ज्या तळ्याच्या परिसरात वर्षानुवर्षं राहिले, तेच नवेगाव. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने देशभर नेलेली ही शाळा. सहावीला ऐंशी जागा, त्यातल्या किमान तीन-चतुर्थांश खेड्यातल्या मुलांसाठी. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं. आपल्या गावातून तिथे मूल जाणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, सरपंचांनी भाषण केलं. ‘गावातला सर्वांत हुशार मुलगा’ हे वाक्य त्या दिवशी इतक्यांच्या तोंडून निघालं की पोर लाजून आईच्या पदराआड गेलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला. त्याची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘‘पुस्तकच उघडत नाई जी. इचारलं तं तोंड फिरवते.’’ मी त्याला आमच्या छपरीत बोलावलं. आधी चकल्या खाल्ल्या, मग हळूहळू बोलला. वर्गात चाळीस मुलं, चाचणीत त्याचा नंबर एकतिसावा. मी म्हटलं, पहिलीच चाचणी आहे, होतं असं. त्यावर तो जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते: ‘‘तिथं सगळेच पहिले आहेत. मी हुशार नव्हतोच. इथं दुसरं कोणी नव्हतं म्हणून पहिला येत होतो.’’

अकरा वर्षांचं पोर, आणि मागची पाच वर्षं एका वाक्यात पुसून मोकळं झालं. शाळेचा यात दोष नाही. तिथले शिक्षक जीव लावणारे आहेत, जेवण बरं आहे, मित्र झालेत, हे त्यानेच सांगितलं. त्याचं गणित जूनपेक्षा नोव्हेंबरात किती तरी पुढे गेलंय, हे मी त्याच्या वह्या चाळून पाहिलं. विद्या वाढली आणि विश्वास आटला, दोन्ही एकाच वेळी.

यावर जगात भरपूर अभ्यास झालेला आहे, आणि त्याचं मूळ तुझ्याच ऑस्ट्रेलियात आहे. हर्बर्ट मार्श नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८४ पासून ही गोष्ट मांडली. तिला त्यांनी नाव दिलं लहान तळ्यातला मोठा मासा. आपल्या तलावांच्या जिल्ह्यात ते कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. म्हणणं असं: सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. एक साध्या शाळेत जातं, दुसरं निवडून घेतलेल्या हुशार मुलांच्या शाळेत. काही काळाने विचारा, तुला अभ्यास कितपत जमतो? साध्या शाळेतलं मूल स्वतःला जास्त गुण देतं. कारण मूल आपली कुवत पट्टीने मोजत नाही, शेजारच्या बाकाकडे बघून मोजतं. २००३ साली मार्श आणि हाँगकाँगचे किट-ताई हाऊ यांनी २६ देशांतल्या पंधरा वर्षांच्या लाखाहून अधिक मुलांची माहिती तपासली. भारत त्यात नव्हता. पण जे देश होते त्या सगळ्यांत दिशा एकच निघाली: शाळेची सरासरी जितकी वरची, तितका सारख्या कुवतीच्या मुलाचा स्वतःवरचा भरवसा खालचा.

तू म्हणशील, पण मोठ्या शाळेचा अभिमानही असतो की! असतो, आणि तोही अभ्यासकांनी मोजलाय. आपलं पोर नवोदयचा गणवेश घालून बाजारात गेलं तेव्हा त्याची चाल बदललेली मी पाहिली. ‘मी त्या शाळेचा’ हा आधार खरा आहे. पण बहुतेक वेळा शेजारच्या बाकाचं पारडं जड होतं. अभिमान सणासुदीला, चारचौघांत वाटतो. तुलना रोज सकाळी पहिल्या तासाला समोर येऊन बसते.

मग काय, मुलांना लहान तळ्यातच ठेवायचं? मुळीच नाही. मला हे म्हणायचं नाही, आणि कोणी माझ्या नावावर खपवलं तर मी भांडेन. गावातल्या शाळेत पहिला येणारा आणि पुढे कुठेही न गेलेला मुलगाही मी पाहिलाय. त्याचा भरवसा कधी कसाला लागलाच नाही, आणि बारावीनंतर एका झटक्यात गेला. शिवाय लहान तळ्यातसुद्धा तुलना असतेच. आपल्या वेळची तुकड्यांची पद्धत आठव.

गोंदियातली आपली शाळा. आठवीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर याद्या लागल्या. तू ‘अ’ तुकडीत, मी ‘ब’. सातवीच्या गुणांवर वाटणी. गणिताचे सर दोन्ही तुकड्यांना तेच होते, पुस्तक तेच होतं, इमारत तीच. फरक एवढाच की तुमच्या तुकडीत प्रश्न विचारले जात आणि आमच्या तुकडीत उत्तरं सांगितली जात. तुम्हाला फळ्याजवळ बोलावून प्रमेय सिद्ध करायला लावायचे, आम्हाला ‘पाठ करा, दोन गुण सुटायला नकोत’ म्हणायचे. कोणी कोणाला मारलं नाही, कोणी ‘ढ’ म्हटलं नाही. तरी दहावीपर्यंत ‘ब’ तुकडीतल्या आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं होतं की गणित हे दुसऱ्यांचं काम आहे. अकरावीला विज्ञान घ्यावं असं आमच्यातल्या फार थोड्यांच्या मनात आलं. तुझ्या मनात न घेण्याचा विचारही आला नसेल. सातवीत आपल्या गुणांत फरक होता तो जेमतेम आठ-दहा गुणांचा.

त्या सरांबद्दल माझ्या मनात राग नाही. तुकड्या पाडणाऱ्यांना वाटतं की कच्च्या मुलांना त्यांच्या गतीने शिकवता येईल. हेतू वाईट नसतो. पण मूल हेतू वाचत नाही. तुकडीची पाटी वाचतं.

आता माझ्या छपरीतल्या संध्याकाळच्या वर्गाचं सांगते. तुला माहीत आहे, सहावी ते दहावीची पोरं येतात. घरी कोणी पोवारी बोलतं, कोणी झाडी, कोणी छत्तीसगढीकडे झुकलेली हिंदी. शाळेत पुस्तकी मराठी, आणि सेमीवाल्यांना गणित-विज्ञान इंग्रजीतून. उत्तर येत असूनही मूल गप्प बसतं, कारण ते कोणत्या भाषेत सांगायचं याचाच निर्णय होत नाही, आणि तेवढ्यात दुसरा कोणी सांगून टाकतो. असं वर्षभर झालं की ते मूल स्वतःलाच ‘येत नाही’च्या यादीत टाकतं.

परवा सातवीतली एक मुलगी अपूर्णांक घेऊन बसली होती. उदाहरण होतं दोन पंचमांश अधिक एक चतुर्थांश अधिक तीन विसांश. पेन्सिलीने इतकं पुसट लिहीत होती की मला चष्मा लावूनही दिसेना. चुकलं तर चटकन पुसता यावं म्हणून तसं लिहितात ही मुलं. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाली, ‘‘अपूर्णांक मले नाई येत जी.’’ मी वही मिटली आणि विचारलं, तुमच्या बांध्या किती? म्हणाली, तीन. केवढ्या? एक चाळीस डिसमिल, एक पंचवीस, एक पंधरा. मग सगळी जमीन किती झाली? श्वास घ्यायच्या आत उत्तर आलं, ‘‘ऐंशी डिसमिल. एकराले वीस कमी.’’

मी वही उघडली आणि प्रत्येक अपूर्णांकाच्या खाली तिचे डिसमिल लिहिले. शंभराचे दोन पंचमांश चाळीस. शंभराचा चौथा भाग पंचवीस. तीन विसांश पंधरा. ती बघत राहिली. मग पेन्सिल घेऊन छेद समान केले, सोळा विसांश लिहिलं, त्याचे चार पंचमांश केले, आणि या वेळी ठळक लिहिलं. बापाच्या शेतातलं गणित जिला तोंडपाठ, तिला वर्गात कोणीतरी पटवून दिलं होतं की तुला हे येत नाही. बहुधा कोणी मुद्दाम पटवलं नसेल. नुसतं कोणी विचारलं नसेल.

२०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी-फळं विकणारी मुलं गिऱ्हाइकाशी तोंडी अवघड हिशेब बिनचूक करतात, आणि तशीच गणितं शाळेतल्यासारखी कागदावर मांडली की अडखळतात. शाळेतल्या मुलांचं उलट: कागदावर बरं, बाजारात गोंधळ. मला तो अभ्यास वाचताना नवल वाटलं नाही, धीर आला. आपण म्हणतो ते खरं आहे असं कोणी मोजून सांगितलं की माणसाला बळ येतं.

आणखी एक गोष्ट या अपूर्णांकवाल्या पोरीकडूनच कळली. तिचं मराठी फार चांगलं आहे. निबंध लिहिते तो वाचत राहावा असा. तिचं गणित वर्गाच्या मानाने मुळीच वाईट नाही, पण तिच्या स्वतःच्या मराठीच्या मानाने उणं आहे, म्हणून ती स्वतःला गणितात कच्ची समजते. मार्श यांनी हेही सांगून ठेवलंय: मुलं दुसऱ्यांशी तुलना करतातच, शिवाय आपल्याच एका विषयाची दुसऱ्याशी करतात. तुझी लेक चित्रं सुंदर काढते आणि विज्ञानाला ‘माझा विषय नाही’ म्हणते असं तू लिहिलं होतंस. तेही कदाचित असंच असेल. विज्ञानाचे गुण एकदा चित्रांपासून वेगळे काढून तिला दाखव.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. आपल्याकडे शेजारच्या बाकावर कोण बसलंय हे गुणांवरून ठरण्याआधी आडनावावरून ठरत आलंय. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. त्यांचा निबंध २००६ चा. जातीचा उच्चार न करता दिली तेव्हा उच्च मानलेल्या आणि दलित मुलांत फरक पडला नाही. मग सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव आणि जात वाचून दाखवली, आणि दलित मुलांची कामगिरी खाली आली. तीच मुलं, तेच कोडं. मधे फक्त एक हजेरी झाली होती.

बाबासाहेबांची एल्फिन्स्टन हायस्कूलमधली आठवण धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं, आणि वर्गातली मुलं आपापले जेवणाचे डबे वाचवायला धावली, कारण डबे फळ्यामागे ठेवलेले होते. डबे हलेपर्यंत तो मुलगा खडूसाठी थांबला असेल. त्या थांबण्यात किती मुलं कायमची मागे फिरली असतील, याची नोंद कुठल्याही हजेरीपटात नाही. बाबासाहेब मागे फिरले नाहीत म्हणून ‘खरी हुशारी कुठेही वर येते’ असं जे म्हणतात, त्यांच्याशी माझं कधीच जमणार नाही.

उलट बाजूही आपल्याच मातीतली आहे. मुक्ता साळवे. मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. धर्माला, पेशवाईला, शहाण्यासुरत्या पंडितांना तिने तोंडावर प्रश्न विचारलेत. तो निबंध मी दरवर्षी नववीच्या मुलींकडून वाचून घेते. लिहिणं-वाचणं शिकवणं तीन वर्षांत जमू शकतं. पण ‘माझं म्हणणं छापण्याजोगं आहे’ हे चौदा वर्षांच्या मुलीला वाटायला लावणं, तेही त्या पुण्यात, ही त्या शाळेची खरी करामत. तिथे तिला कोणीतरी आधी विचारलं असणार, आणि मग शेवटपर्यंत ऐकून घेतलं असणार.

आता आपल्या बिरसीच्या दुसऱ्या शाळेकडे येते.

२००८ पासून इथे पायलट तयार करणारी संस्था आहे हे तुला ठाऊक आहेच. देशभरातली अठरा-वीस वर्षांची मुलं-मुली येतात. शाळेतल्या पोरांना आवाजावरून कळतं, एका इंजिनाचं आहे की दोन इंजिनांचं. विमान पट्टीवर टेकतं, न थांबता पुन्हा उडतं, गावावरून वळसा घेतं, पुन्हा टेकतं. सकाळभर तेच. तुला आठवतं, आपण विचारायचो, ह्याला उतरायचं नाही का? नंतर कळलं की उतरणं शिकण्यासाठीच तो घिरट्या घालतोय.

मी त्या शिकण्याकडे आता शाळामास्तरणीच्या नजरेने बघते. तिथे शिकाऊ मुलाला एक लॉगबुक असतं. प्रत्येक उड्डाण त्यात लिहिलं जातं, किती मिनिटं, काय केलं. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास भरावे लागतात. एकट्याने उडायचा दिवस सगळ्यांसाठी एकच ठरलेला नसतो. शेजारी बसलेला प्रशिक्षक म्हणतो आता जमतंय, त्या दिवशी तो उतरून बाजूला होतो आणि मूल एकटं उडतं. कोणाचं लवकर होतं, कोणाचं उशिरा. उतरणं बिघडलं तर पुन्हा उडायचं, आणि खाली आल्यावर नेमकं काय बिघडलं त्यावर बोलायचं. लपवायचं नाही, कारण लपवलेली चूक तिथे जिवावर बेतते. मार्च २०२३ मध्ये इथून उडालेलं शिकाऊ विमान बालाघाटच्या जंगलात कोसळलं आणि दोघं गेले. त्या दिवशी गावात कोणी धड जेवलं नाही. इतकं धोक्याचं काम शिकवणारी शाळा चूक पोटात घालून पुढे जाते, आणि आपल्या शाळांत, जिथे चुकीने फार तर पान खराब होतं, तिथे पोरं पुसट पेन्सिलीने लिहितात.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली लिहिलं की ‘हे मला जमेल’ ही भावना चार वाटांनी येते. स्वतः केलेलं आणि जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कोणी दिलेला धीर, आणि त्या क्षणी छातीत धडधड किती होते ते. सर्वांत भक्कम वाट पहिली. नुसती शाबासकी फार लांब नेत नाही. उलट १९९८ साली म्युलर आणि ड्वेक या दोघींनी पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की ‘तू किती हुशार!’ म्हणून कौतुक झालेली मुलं पुढच्या अवघड कामात लवकर खचली, आणि ‘तू कष्ट घेतलेस’ असं ऐकलेली टिकून राहिली. आमच्या सत्कारात त्या पोराला काय काय म्हटलं गेलं ते वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या वाटेचं मला जास्त दुःख आहे. गावाच्या डोक्यावरून रोज पायलट तयार होतात, आणि आपल्यासारख्या घरातलं कोणी त्या खिडकीत बसलेलं इथल्या मुलीला दिसत नाही. पैशांचा प्रश्न आहेच, तो खर्च धानाच्या शेतीतून निघण्यातला नाही. पण पैशाच्याही आधी एक दार लागतं. व्यावसायिक पायलट व्हायला आजवर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आलंय. ज्या पोरीने सातवीत अपूर्णांकाची वही सरकवून दिली, तिचं दार तेव्हाच बंद झालं. कोणी कडी लावताना दिसलं नाही इतकंच.

नवोदयच्या पोराचं पुढे काय झालं ते सांगते. त्याला मी समजावलं नाही. ‘तू हुशारच आहेस’ असं आणखी एकदा ऐकवण्यात अर्थ नव्हता. त्याची जूनची वही मागितली. पहिल्या पानांवर लाल फुल्या होत्या. म्हटलं, ह्यातली आता कोणती येतात? त्याने एक फुली पाहिली, म्हणाला, ही तर सोपी आहे. दुसरी पाहिली, तोंडीच सोडवली. तिसरीला अडला, मग वहीत मांडली, जमली. चौथी जमली नाही. एका पानावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: जूनमध्ये येत नव्हतं, आता येतं. खाली सात-आठ गोष्टी झाल्या. मग दुसरं पान: अजून येत नाही. त्यात तीन. मी त्याला विमानवाल्यांच्या लॉगबुकबद्दल सांगितलं. त्याला ते फार आवडलं. लगेच वहीच्या पुठ्ठ्यावर एक विमान काढलं, पंख जरा तिरपे, आणि खाली तारीख टाकली.

एकतिसावा नंबर त्याने पुसला नाही, आणि पुसूही नये. चाळीसात एकतिसावा ही खरी माहिती आहे. पण तिच्या शेजारी दुसरी खरी माहिती आता लिहिलेली आहे.

माझी अपेक्षा एवढीच की हे काम दिवाळीच्या सुट्टीत शेजारणीने करावं लागू नये, शाळेने करावं. निवडून घेतलेली मुलं ज्या शाळेत येतात तिथे पहिल्या सहामाहीत बहुतेकांचा नंबर आयुष्यात पहिल्यांदा खाली जाणार, हे शिक्षकांना आधीपासून माहीत असतं. मग पहिल्याच आठवड्यात मुलांना ते सांगायला काय हरकत आहे? चाचणीआधी सांगितलेली गोष्ट धीर देते. चाचणीनंतर सांगितलेली समजूत वाटते, आणि त्या वयात समजूत घातलेली मुलांना अजिबात आवडत नाही.

तेव्हा तू त्या शाळेत पालकांच्या दिवशी जाशील तेव्हा निकालांचे तक्ते बघत बसू नकोस. तिथल्या शिक्षकांना विचार की पहिल्या सहामाहीत मागे पडलेल्या मुलांशी तुम्ही काय बोलता, आणि त्यांच्या उत्तराला किती वेळ लागतो तेही बघ. निकाल वर्गात मोठ्याने वाचतात की एकेकाच्या हातात देतात ते विचार. एखाद्या वर्गात मागे उभं राहायला मिळालं तर हात वर न करणाऱ्या मुलांना प्रश्न जातो का, आणि चुकीचं उत्तर आल्यावर शिक्षक पुढच्याकडे वळतात की त्याच मुलापाशी थांबतात, एवढं पाहा. थांबत असतील तर बिनधास्त पाठव. लेकीचा नंबर खाली जाईल, तो जाऊ दे. थांबत नसतील तर जवळच्या साध्या शाळेत ती जास्त शिकेल, हे मी तुला लिहून देते. तुझ्या सासूबाईंना काय वाटेल याची काळजी करू नकोस, त्यांना फोनवर मी समजावेन.

आणि लेकीला एक काम सांग. आमच्या नवोदयवाल्याला परदेशातून पत्र आलेलं हवंय, वसतिगृहात दाखवायला. तो नववीत गेला की त्यांच्यातली काही मुलं वर्षभर हिंदी मुलखातल्या नवोदयमध्ये पाठवतात, त्याची त्याला आत्तापासून धास्ती आहे. दुसऱ्या भाषेच्या वर्गात पहिल्या दिवशी काय करायचं हे तुझ्या लेकीला चांगलं ठाऊक असणार, ती सहा वर्षांची असताना तिकडे गेली तेव्हा तिने ते केलंय. तेवढंच लिहू दे तिला, मराठीत लिहिलं तर उत्तम. पत्ता मी फोनवर पाठवते.

तुझीच,
बिरसीवाली